काळं बॉनेट

कागद आदल्या रात्रीच बादलीत घालायचा,
भिजलेला कागद चावत नाही,
हे इनास मेस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगितलं
आणि पुढे आठवडाभर काहीच सांगितलं नाही.

उभादांड्याच्या रस्त्याला आमची शेड.
मागे काजूची चार झाडं, पुढे जांभ्याची धूळ,
आणि दुपार कलली की दर्याकडून येणारं ते खारं
जे पत्र्याला आतून खातं, ताज्या रंगावर
दिसणार नाही असं काहीबाही पेरून जातं.
म्हणून रंग पहाटे मारायचा, वारा पडलेला असताना.
घासायचा चौथ्या दिवशी.

गाडी आजगावच्या डॉक्टरीणबाईंची, काळी.
पांढऱ्या गाडीवर माणूस थोडं खोटं बोलू शकतो.

सुकलेल्या रंगावर बारीक खळगे राहतात.
शहरात त्याला संत्र्याची साल म्हणतात,
मेस्त्री म्हणतात, आमचो फणस.
दोन हजार नंबरचा कागद रबरी ठोकळ्याला गुंडाळून
सरळ रेघेत फिरवायचा, साबणाचा एक थेंब पाण्यात.
ओघळ ताकासारखा येतो.
"पांढरा येता तवसर चलांदे.
काळा इला की मेलंस."

कडांना टेप, कडेला रंग नेहमी पातळ.
पट्ट्याचं बक्कल पाठीमागे.
मेस्त्रींची अंगठी निघत नाही बोटातून,
एकोणीस वर्षं झाली बाईला जाऊन,
तर अंगठीवरही टेप.

बॉनेट त्यांनी घासलं, दारं मी.
संध्याकाळी सगळी गाडी राखाडी, आंधळी,
थंडीत श्वास सोडलेल्या आरशासारखी.
"आता तू चकाकव," म्हणाले, आणि सायकल काढून गेले.

वायर खांद्यावरून. लोकरीचा पॅड. कंपाउंडचे चार ठिपके.
मशीन एका जागी थांबू द्यायचं नाही,
थांबलं तर वास येतो, वास आला तर उशीर झालेला असतो.
धुक्यातून हळूहळू शेडचे वासे वर आले,
मग ट्यूबलाइट, मग माझी हनुवटी.

साडेआठला लाइट गेली.
बंदरावरचा दिवा इथवर पोचत नाही.
मी मोबाइलची बॅटरी तिरकी धरली, सहज,
आणि बॉनेटच्या डाव्या अंगाला दिसल्या
तीन रेघा, शेजारी शेजारी,
नांगरल्यासारख्या.

ठोकळ्याने अशा रेघा पडत नाहीत.
बोटांनी पडतात.
ठोकळा घसरत असणार हातातून;
हल्ली चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात,
मला वाटायचं, गरम असेल.

ओरखडा काढता येत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.
त्याच्या आजूबाजूचं सगळं
त्याच्या खोलीपर्यंत उतरवावं लागतं.
किती खोल, हे कुणी सांगत नाही.
मी ठोकळा घेतला, तीन हजार नंबर, अंधारात,
दर दहा हातांनी ओघळ उजेडात धरून बघत.
पांढरा. पांढरा. पांढरा.
काजूत काहीतरी खसफसलं. पांढरा.

अकराला लाइट आली. मशीन लावलं नाही,
शेजारी सुरंगेंकडे लहान मूल आहे.
मऊ फडक्याने हातानेच केलं,
एक वाजला असेल.

सकाळी मेस्त्री आले ते चष्मा न लावताच.
बॉनेटवर वाकले, गाल जवळजवळ टेकवला,
तळहात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला
डाव्या अंगाला,
पुन्हा डाव्याच अंगाला.

"राती लाइट गेल्ली मां?"
"होय."
"खूप येळ?"
"नाय. वायच."

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
रस्त्यावर मासळीचा एक टेम्पो, पाणी गळत गेलेला.
मग त्यांनी बादली पायाने सरकवली,
माझ्या बाजूला,
आणि त्या पाण्यात ठोकळा टाकला.
तो जरा बुडाला, वर आला.